मोजता न येणारं गाणं

९ जानेवारी, मंगळवार

दादा म्हणाला, "तुझ्या डोक्यात जे काय चालतं ते दर वेळी आम्हाला ऐकवायलाच हवं का? वहीत लिही." मोठ्या भावाचा सल्ला वगैरे काही नव्हता, काल मी फार बडबडलो म्हणून वैतागला होता. असो. दुकानात काचांच्या नोंदींसाठी वह्या येतात, त्यातली एक मालकांना विचारून घेतली. चष्म्याचं दुकान आहे. पुढे मालक गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवतात, मागच्या खोलीत मी काचा घासतो. जेवणाच्या सुट्टीत इथंच बसून लिहितोय.

तर काल. आमचा बँड चौघांचा, वीस वर्षांचा. गिटार मास्तर वाजवतो. शाळेत गणित शिकवतो म्हणून मास्तर. बेस गिटार दादाकडे. ड्रम माझ्याकडे, म्हणून मला ढोल्या म्हणतात. आता पोटामुळेही ते नाव शोभतं. आणि गाते ती. ती म्हणजे माझी बायको. कायद्यानं अजून आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिनं घर सोडलं, बँड सोडला नाही. लोकांना याचं नवल वाटतं. मलाही वाटतं.

काल मास्तरनं जाहीर केलं की नवा अल्बम वेगळा करायचा. म्हणाला, "वीस वर्षं आपण दार ठोठावतोय. आता दार उघडंच आहे असं समजून वाजवून बघू." आणि त्यानं घरी केलेलं काहीतरी ऐकवलं. आठ मिनिटांचं. हे सुरू कधी होतंय याची मी वाट बघत होतो, तेवढ्यात ते संपलं. धुकं पसरावं तसे सूर. कुठून येतात कळत नाही, कुठं जातात कळत नाही.

"यात मी कुठंय?" मी विचारलं.

"तू आहेस की. पण कमी."

"कमी म्हणजे किती?"

गणिताचा माणूस, पण त्याला आकडा काही सांगता आला नाही. मग मी बोलत सुटलो. आमचे लोक आमच्या गाण्यांवर उड्या मारायला येतात, झोपायला नाही, वगैरे. ती खिडकीत उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला आता असंच गायचंय." संपला विषय.

१३ जानेवारी, शनिवार

आज मालक विचारत होते, वहिनी परत कधी येणार. मी म्हणालो, काम जास्त आहे तिला. ती भूमापन कार्यालयात नकाशे काढते. इथून दोन थांब्यांवर खोली घेतलीय तिनं.

कपाटातला तिचा खण रिकामाच आहे. माझे कपडे माझ्या खणात मावत नाहीत, खुर्चीवर ढीग होतो, पण त्या खणात ठेवत नाही. कारण काही नाही. सवय.

ती का गेली याचं माझ्याकडे साधं उत्तर आहे: गैरसमज. तिचे वडील, म्हणजे अप्पा, शेवटचे सात महिने आमच्याकडे होते. जन्मभर टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केलेला माणूस, स्वभावानं लोण्यासारखा. त्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. बाहेरच्या खोलीत पलंग, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. आजाऱ्याच्या घरात ठोकाठोकी नको म्हणून मी सरावाचं रबरी पॅड गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि दुकान सुटलं की थेट तालमीच्या हॉलवर जाऊन वाजवायचो. सुट्टीच्या दिवशी सकाळीच जायचो. म्हणजे घरात शांतता राहावी म्हणून जो माणूस स्वतः बाहेर राहिला, दोष त्याच्याच माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

अप्पा गेले त्या दुपारीही मी हॉलवर होतो. फोन पिशवीत होता. ड्रम वाजवताना पिशवीतला फोन कोणाला ऐकू येईल?

२१ जानेवारी, रविवार

आमचा तालमीचा हॉल एका गॅरेजच्या वर आहे. इतकी वर्षं खालचा गॅरेजवाला म्हणायचा, माझ्या हातोड्याला तुमच्यापुढे कोणी विचारत नाही. आज तो जिना चढून वर आला. "काय झालं? भांडलात का? आवाज नाही म्हणून बघायला आलो."

"वाजवतोय की," दादा म्हणाला.

"हे?" तो म्हणाला, आणि आजारी माणसाला भेटल्यासारखा हळूच दार ओढून गेला. सगळे हसले. तीही हसली. मान मागे टाकून, पूर्वीसारखी. मी त्यानंतर बराच वेळ चुकत होतो.

मास्तरनं नवी युक्ती काढलीय. पायाखाली आवाजाचं पेडल ठेवतो, तार छेडताना आवाज बंद, मग हळूहळू वर आणतो. त्यामुळे बोट तारेवर पडल्याचं कळतच नाही. सूर आधीपासून खोलीत होता आणि आपलं लक्ष आत्ता गेलं, असं वाटतं. चांगलं वाटतं, हे कबूल. मास्तरला सांगितलं नाही.

माझ्या वाट्याला दोन गाण्यांत झांजेवर ब्रश, एकात काहीच नाही. त्या एकात मी नऊ मिनिटं हात मांडीवर ठेवून बसलो. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसतात तसा.

३ फेब्रुवारी, शनिवार

तिनं आज स्वतःचं एक गाणं आणलं. शब्द नाहीत. नुसता एक सूर, 'आ'कारात; वर चढतो, उतरतो, थांबतो. पुन्हा चढतो, उतरतो, थांबतो. गंमत अशी की थांबे सारखे नाहीत. एकदा तीन मात्रा, एकदा सात. मग चार-पाच सूर घाईघाईनं एकामागोमाग, आणि मग एकदम अकरा मात्रांची पोकळी. मी सवयीनं मोजत होतो. काही बसेना.

"इथं तुझा एक ठोका हवाय," ती म्हणाली. "प्रत्येक सुराबरोबर. मोठ्या ड्रमवर, अगदी हलका."

"सूर कधी येणार हे कळलं तर देईन ना. याला ताल कुठंय?"

"ताल नाहीये. लय आहे."

"अशी वेडीवाकडी लय तू ऐकलीस तरी कुठं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "घरी," म्हणाली.

तिच्या खोलीतला नळ गळत असणार. भाड्याची खोली, मालक लक्ष देत नसेल. पुढच्या वेळी पाना घेऊन जाऊन बघतो असं म्हणणार होतो. पण मास्तर मध्येच म्हणाला, "पुन्हा एकदा घेऊ या," आणि त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

तालमीत फोनवर घेतलेलं ते गाणं सकाळभर ऐकलं. कागदावर थांबे मांडले. ३, ३, ७, ४, १, १, १, ११. पुढे ५, ९. काही सूत्र नाही. मास्तरला आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "मोजू नकोस." गणिताचा मास्तर सांगतोय मोजू नकोस! कलियुग.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लिहावं की नाही. लिहितो.

तिचा जवळचा नंबर बदललाय. महिन्याभरापूर्वी दुकानात येऊन मालकांकडून डोळे तपासून घेतले होते, मी मागे असताना. काचा अर्थात माझ्याकडेच आल्या. इतक्या मन लावून मी कोणाच्याही घासल्या नसतील. काल अर्धी सुट्टी घेऊन चष्मा द्यायला तिच्या कार्यालयात गेलो. आवारात एक बाक आहे. त्यावर ती आणि मास्तर बसले होते. मध्ये डबा उघडा. ती काहीतरी सांगत होती आणि रडत होती. तो काही बोलत नव्हता, नुसता बसला होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि डब्यातलं खायला लागली. घरच्यासारखं.

मी फाटकातूनच परत फिरलो.

आता एकेक गोष्ट आठवतेय. अप्पांच्या आजारपणात मास्तरही तालमीला दांड्या मारायचा. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. विचारलं तर "जादा तास आहेत." दादाही कधी यायचा, कधी नाही. शेवटी मी एकटाच वाजवायचो. मंगळवार आणि शुक्रवार. मी हॉलवर, आणि हा कुठं? माझ्याच तर घरी नसेल?

माणूस इतका आंधळा असू शकतो, आणि तेही चष्म्याच्या दुकानात कामाला असून.

१८ फेब्रुवारी, रविवार

तालमीला गेलो. चष्मा तिच्या हातात दिला. "दुकानातून दिलाय," म्हणालो. तिनं घातला, खिडकीबाहेर बघितलं, मग स्वतःच्या तळहाताकडे. "छान दिसतंय सगळं," म्हणाली. मी म्हणालो, "दिसणारच." त्यापेक्षा जास्त काही बोललो नाही. मास्तरशी तर अजिबात नाही.

२ मार्च, शनिवार

रेकॉर्डिंग सुरू झालं. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या दवाखान्याचा तळमजला, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. तिथल्या बाई पूर्वी रेडिओत होत्या. केस पांढरे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, चुकीच्या नंबरचा. मी लगेच ओळखलं. बाईंना सगळं ऐकू येतं. नऊ मिनिटांच्या गाण्यात मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तर काचेपलीकडून म्हणाल्या, "ड्रमवाले, वाजवू नका."

"मी काही वाजवत नाहीये."

"तुम्ही नाही, तुमची खुर्ची वाजतेय. पाय हलतोय तुमचा. जरा स्वस्थ बसता येत नाही का?"

दादा फिसकन हसला. बाईंना काय माहीत, आमच्या घरात हेच वाक्य रोज ऐकायला मिळायचं. आता कोणी म्हणत नाही. मी वाटेल तेवढा पाय हलवतो.

९ मार्च, शनिवार

दुकानातून आज सुट्टी घेतली होती, घरी बसून लिहितोय.

सकाळी तिचं ते बिनशब्दांचं गाणं घेतलं. पहिले काही ठोके दिले. मग ती मोठी पोकळी आली आणि मला ती सहन होईना. वीस वर्षं जे करतोय तेच केलं: हात आपोआप उचलले गेले आणि मी ती जागा भरली. बारीकसा रोल, मोठ्या ड्रमपर्यंत नेऊन आपटला. खरं सांगतो, मस्त बसला होता.

तिनं कानावरचे हेडफोन काढले. "का भरलंस?"

"रिकामं होतं म्हणून."

"ते रिकामं नव्हतं."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

त्या 'तेच तर'नं माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मास्तरला बरं सगळं ऐकू येतं. मंगळवारी, शुक्रवारी. बाकावर बसून. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघांनी काय काय ऐकलंत ते तरी सांगा एकदा."

माइक चालू होते. काचेपलीकडे मास्तर, दादा आणि बाई, तिघांच्याही कानात मी. दादानं कपाळावर हात मारला. बाई उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

ती रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि पत्ता सांगावा तशा आवाजात बोलली.

"मास्तर माझ्याकडे नव्हता येत. अप्पांकडे यायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटली की. मला दोन तास झोप मिळावी म्हणून. त्यांना कोडी घालायचा, पाजायचं ते पाजायचा, लघवीचं भांडंसुद्धा द्यायचा. दादाही यायचे. तुला सांगू नका असं अप्पांनीच सांगितलं होतं. म्हणाले, जावयाला वाईट वाटेल."

मी काचेपलीकडे मास्तरकडे बघितलं.

"आणि हे गाणं अप्पांचा श्वास आहे. शेवटच्या दिवसाचा. सकाळी दहापासून दुपारी पावणेतीनपर्यंत. एक श्वास, मग थांबा. डॉक्टर म्हणाले होते, आता असंच होणार. मी त्यांचा हात धरून मोजत बसले होते, दुसरं करणार काय? प्रत्येक थांब्यात वाटायचं, संपलं. मग पुढचा यायचा. कधी कधी चार-पाच एकदम. वाटायचं, सुधारतायत की काय." तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "त्या थांब्यांमध्ये मी तुला फोन लावत होते. अकरा वेळा."

मग ती उठली, पाणी प्यायली आणि पर्स घेऊन गेली. मास्तर आत आला. मला वाटलं, मारणार. त्यानं माझ्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या, ड्रमवर ठेवल्या. "चल, चहा घेऊ," म्हणाला. मी गेलो नाही.

१४ मार्च, गुरुवार

चार दिवस वही उघडली नाही. दुकानात दोन काचा उलट्या अक्षावर घासल्या. मालकांनी न बोलता नव्या दिल्या.

काल दादाच्या घरी गेलो. म्हणालो, "तू मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. एकदा जिन्यात म्हणालो, आज घरी जा. तू म्हणालास, नवा रोल बसतोय. दुसऱ्यांदा म्हणालो, अप्पा तुझी आठवण काढतात. तू म्हणालास, रविवारी बसतो त्यांच्याजवळ."

"बसलो होतो?"

"मला काय विचारतोस?" दादा म्हणाला.

नव्हतो बसलो.

आज मास्तरकडे गेलो. तो पेपर तपासत होता. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती, ती सगळी दारातच सांडली. त्यानं लाल पेन बाजूला ठेवलं. मी विचारलं, "अप्पा माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

"म्हणायचे, वाजवायला गेलाय ना, बरं झालं. त्याला इथली हवा सोसायची नाही. काही माणसं आत यायला घाबरतात, त्यांना ओढू नये."

मला शिव्या चालल्या असत्या.

आता एक गोष्ट. ही वही कोणी वाचणार नाही, मग तिच्यात तरी खोटं कशाला. त्या दिवशी फोन पिशवीत नव्हता. समोर खुर्चीवर होता. आवाज ऐकू आला नाही हे खरं, पण उजेड दिसत होता. पहिल्यांदा पेटला तेव्हा नाव वाचलं. दुसऱ्यांदाही वाचलं. कशासाठी असेल हे मला ठाऊक होतं. मग मी डोळे मिटून वाजवत राहिलो, जितक्या जोरात वाजवता येईल तितक्या जोरात. मला भीती वाटत होती. बस, एवढंच. गैरसमज वगैरे काही नव्हता.

२३ मार्च, शनिवार

आज मी वेळेच्या आधी स्टुडिओत गेलो. तीही आधीच आली होती, पायरीवर बसून केळं खात होती. मला बघून सरकली. मी बसलो.

"फोन दिसत होता मला," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी तू फोन बघितलास आणि आश्चर्याचं नाटक केलंस. तुला नाटक येत नाही." केळ्याची साल तिनं नीट चार घड्या करून कागदात गुंडाळली. "मी वर्षभर वाट बघितली, तू सांगशील म्हणून. मग गेले."

आत्तापर्यंत मी समजत होतो की ती अप्पा गेल्यामुळे गेली. ती त्यानंतर वर्षभर माझ्याबरोबर त्याच घरात होती आणि माझी वाट बघत होती. आणि मी त्या वर्षात काय केलं? ते रबरी पॅड माळ्यावरून खाली काढलं.

"आज गाणं घेऊ या का?" तिनं विचारलं.

"मला जमेल की नाही माहीत नाही."

"मलाही."

मी बाईंना म्हणालो, हेडफोन नकोत, आणि तिला माझ्यासमोर बसू द्या. बाईंनी नियम मोडून माइक हलवले. मी कापसाचा गोळा लावलेली काठी घेतली, एकच. मास्तरनं कुठंतरी मागे एक लांब सूर लावून ठेवला, दादानं एक तार धरली. बाकी काही नाही.

ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसली होती. सूर लावायच्या आधी तिचे खांदे जरासे वर जायचे. मी तेवढंच बघत होतो. खांदे वर गेले की माझा हात निघायचा, सूर आला की काठी ड्रमवर टेकायची. मारायची नाही, टेकायची. मग थांबा. सुरुवातीला मी मोजलं. तीन, चार, पाच... मग मोजणं कुठंतरी मागे पडलं. त्या थांब्यात मला ऑक्सिजनच्या यंत्राची गुरगुर आठवली. अप्पांच्या पलंगाची आमच्या दाराकडची बाजू आठवली, जिथं एक खुर्ची होती आणि तिच्यावर मी कधी बसलो नव्हतो. आज बसलो. मला पळावंसं वाटत होतं आणि मी बसलो होतो.

एकदा तिचे खांदे वर गेले आणि चार-पाच सूर घाईनं आले. मला वाटलं, सुधारतंय. खरंच वाटलं.

मग तिचे खांदे खाली गेले. मी काठी उचलून तयार धरली. वाट बघितली. ती डोळे मिटून बसली होती. आधीचे थांबे याच्यापुढे काहीच नव्हते. मास्तरचा सूर विरत गेला, दादाची तार थांबली. माझा हात हवेतच. कितीतरी वेळानं मला कळलं की मघाशी दिला तो शेवटचा ठोका होता. देताना मला ते माहीत नव्हतं. तिलाही माहीत नसणार, त्या दिवशी.

मी काठी मांडीवर ठेवली. बाईंनी बराच वेळ यंत्र बंद केलं नाही.

मग बाई आत आल्या. "पुन्हा घ्यायचं?"

"नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

२४ मार्च, रविवार

नीट झोप लागली. बाकी काही नाही.

२७ एप्रिल, शनिवार

अल्बम पुरा झाला. आठ गाणी, त्यातल्या पाचांत मी आहे. हिशोबानं आजवरचं माझं सगळ्यात कमी काम, आणि आयुष्यात इतका दमलो नव्हतो.

हॉलवरून सामान उतरवताना तिनं सांगितलं, तिची बदली झालीय. तिनंच मागून घेतली होती. दुसरं शहर, गाडीनं नऊ तास. नव्या भागाचे नकाशे करायचेत, दोन-तीन वर्षं तरी.

"बँड?" दादानं विचारलं.

"कार्यक्रम असेल तेव्हा येईन. नाहीतर तुम्ही या." आणि हसून म्हणाली, "आता तसंही तुम्हाला मी आधीसारखी लागत नाही, धुकं तर मास्तर एकटासुद्धा करतो."

'जाऊ नकोस' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी ते कितीतरी दिवस घोळवतोय. पण त्या वाक्यात मी काय मागत होतो? माझं घर पुन्हा भरून दे, एवढंच. मी तिच्याकडची सामानाची पेटी घेतली, जिना उतरलो. खाली गॅरेजपाशी विचारलं, "मी येऊ का तिकडे? कधीतरी?"

तिनं विचार केला. नुसतं दाखवायला नाही, खरंच केला. "आत्ता नको," म्हणाली.

'नको' आणि 'आत्ता नको' यांत फरक असतो का, हे विचारायचा मोह झाला. विचारलं नाही.

११ मे, शनिवार

तिला गाडीवर सोडायला आम्ही तिघंही गेलो. मास्तरनं तिला कोड्यांचं पुस्तक दिलं, दादानं भलंमोठं पांघरूण. मी काही नेलं नव्हतं. सुचलंच नाही. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, तिघांसाठी मिळून एकच. माझ्या वाट्याला त्यातला किती आला, कोण सांगणार.

घरी आल्यावर इतकी आठवण आली की बाहेरच्या खोलीत जमिनीवर आडवा झालो. तिथं पूर्वी पलंग होता.

२ जून, रविवार

अल्बम बाहेर आला. लोकांचं काय विचारता. एकानं लिहिलंय, "ढोल्या मेला का?" दुसऱ्यानं लिहिलंय, शेवटचं गाणं ऐकताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो. गॅरेजवाला म्हणाला, त्याच्या बायकोला आवडला, त्याला नाही, पण ती लावते म्हणून तो ऐकतो, आणि आता त्याला त्यातलं कुठलं कधी येतं ते पाठ झालंय. हे शेवटचं मला सगळ्यात बरं वाटलं.

१६ जून, रविवार

सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. महिनाभरात पहिल्यांदा. पहिल्याच घंटीला उचलला.

"काही काम होतं का?" मी विचारलं.

"नाही."

आणि मग ती गप्प. मीही. पूर्वी असं झालं की मी काहीबाही बोलायला लागायचो: दुकानातलं, दादाचं, हवा कशी आहे. आज गच्च धरून बसलो. तिकडून काय काय ऐकू येत होतं. खिडकी उघडी असावी, कोणीतरी खाली सतरंजी झटकत होतं. दूर एक कुत्रा भुंकत होता. तिनं खुर्ची ओढली. चमचा कपाला लागला. ती श्वास घेत होती, सोडत होती. साधा, चांगला, सारखा श्वास.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आहेस ना?"

"आहे."

"मला वाटलं, कट झाला."

"नाही. ऐकतोय."

मग तिनं बोलायला सुरुवात केली. अप्पांच्या शेवटच्या महिन्यातलं, पहिल्यापासून. कुठल्या दिवशी काय झालं, कोण आलं, ते काय म्हणाले, तिला कशाचा राग आला होता, कधी हसू आलं होतं. मी मध्ये एकदाही बोललो नाही. दोन-तीनदा ती थांबली तेव्हाही नाही. सव्वा तास झाला होता. शेवटी म्हणाली, "बाकीचं पुढच्या रविवारी सांगते." आणि ठेवला.

तिनं जे सांगितलं ते सगळं इथं लिहून ठेवायचं म्हणून वही घेतली होती. पण ते तिचं आहे. मी नुसतं ऐकलंय.